कुलपे बनवणाऱ्याचा मुलगा : जॉर्ज सायमन ओहम



यंदा गुरुजींनी आमच्या चौथीच्या वर्गाला थोरांची चरित्रे लिहायला सांगितली. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई फुले घेतल्या, कोणी गाडगेबाबा घेतले. मी जॉर्ज सायमन ओहम यांचे चरित्र घेतले. हे नाव वर्गात कोणाला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. पण ते नाव आमच्या घरात रोज असते. ते कसे, ते आधी सांगते.

माझे वडील मोटारी भरतात. म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की ती उघडायची, आतली जळकी तार काढायची आणि तांब्याची नवी तार भरायची. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांच्या पिशवीत एक मीटर असतो. त्याला एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी आहेत. मीटरवर एका ठिकाणी घोड्याच्या नालासारखी खूण आहे. ती कसली म्हणून मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, ती ओहमची खूण, तारेचा रोध मोजायची. मग ओहम म्हणजे माणूस की गाव, असं मी विचारलं. ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. अण्णा सातवीपर्यंत शिकले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले की ओहम हा माणूस होता आणि तो आपल्यासारख्याच शाळेत मास्तर होता. तेव्हाच मी ठरवलं की आपण हेच चरित्र लिहायचं. पुढची माहिती मला गुरुजींनी सांगितली. थोडी मी शाळेतल्या पुस्तकांतून वाचली.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एरलांगेन या गावी झाला. त्यांचे वडील कुलपे-किल्ल्या बनवणारे कारागीर होते. आई शिंप्याची मुलगी होती. त्यांना सात मुले झाली. त्यांतली चार लहानपणीच गेली आणि तीनच जगली. एक जॉर्ज, दुसरा त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण.

जॉर्ज दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. मीही दहा वर्षांची आहे. हे वाक्य वहीत लिहिलं आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. तिला बघितलं आणि परत येऊन पुढचं लिहिलं.

जॉर्जचे वडील शाळेत रीतसर शिकले नव्हते. तरी त्यांनी आपले आपण वाचून गणित आणि विज्ञान शिकून घेतले होते. दिवसा ते कुलपे बनवीत आणि मुलांना स्वतः गणित शिकवीत. जॉर्ज गावातल्या शाळेतही जात असे, पण खरे गणित तो वडिलांकडेच शिकला. त्याच गावी विद्यापीठ होते. तिथल्या लांग्सडॉर्फ नावाच्या प्राध्यापकांनी जॉर्जची परीक्षा घेतली. तेव्हा जॉर्ज पंधरा वर्षांचा होता. बर्नुली हे स्वित्झर्लंडमधले गणित्यांचे मोठे घराणे होते. या कुलूपवाल्याच्या घरातूनही तसेच भाऊ निघतील, असे त्या प्राध्यापकांना वाटले. आणि झालेही तसेच. मार्टिनसुद्धा पुढे गणिताचे प्राध्यापक झाले.

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला. आता तुम्हाला वाटेल की थोर माणूस म्हणजे रात्रंदिवस अभ्यासच करीत असेल. पण तसे नव्हते. जॉर्ज नाचायला जायचा, बर्फावर घसरायला जायचा आणि बिलियर्ड नावाचा खेळ खेळत बसायचा. वडिलांना हे कळले तेव्हा ते फार रागावले. आपल्याला शिकायला मिळाले नाही आणि मुलाला मिळते आहे तर तो वेळ घालवतो, हे त्यांना सहन झाले नाही. दीड वर्षातच जॉर्जचे विद्यापीठ सुटले. १८०६ साली तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. म्हणजे आमच्या शेजारचा दादा बारावीला आहे ना, तेवढा.

तिथे मात्र त्याला अभ्यासाची गोडी पुन्हा लागली. मुलांना शिकवून उरलेल्या वेळात तो मोठमोठ्या गणित्यांची पुस्तके स्वतःच वाचू लागला. १८११ साली तो गावी परतला आणि त्याच वर्षी त्याने एरलांगेन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवली. ही डॉक्टर म्हणजे औषध देणारी नव्हे, विद्येची पदवी.

इथून पुढे मी त्यांना अहोजाहो म्हणते, कारण ते मोठे झाले.

पदवी मिळाली तरी पोट भरेना. विद्यापीठात पगार फार कमी होता. म्हणून १८१३ साली ते बांबेर्ग गावी शाळामास्तर झाले. ती शाळा १८१६ साली बंद पडली. १८१७ साली त्यांना कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. त्यांच्या हाताखाली डिरिख्ले नावाचा एक मुलगा शिकला. तो पुढे जगप्रसिद्ध गणिती झाला. म्हणजे ओहम मास्तर म्हणूनही चांगले असणार.

कोलोनच्या शाळेत प्रयोगाचे सामान चांगले होते. ओहम कुलूपवाल्याचे चिरंजीव, त्यामुळे लोखंड, पितळ, तार यांचे काम त्यांच्या हातात होते. १८२० साली डेन्मार्क देशातल्या अर्स्टेड यांनी दाखवले की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसूची हलते. हे कळल्यावर ओहम यांनी विजेवर प्रयोग करायचे ठरवले. त्यांना एक गोष्ट शोधायची होती. तारेतून वीज किती जाते आणि ती कशामुळे कमी-जास्त होते?

हे समजायला आधी तीन शब्द समजले पाहिजेत. मला ते अण्णांनी टाकीवरून समजावले. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब जास्त. विजेच्या तशा दाबाला व्होल्टेज म्हणतात. ते व्होल्टमध्ये मोजतात. नळीतून पाण्याची धार वाहते, तशी तारेतून विजेची धारा वाहते. तिला आपण करंट म्हणतो. ती अँपिअरमध्ये मोजतात. नळी लांब आणि बारीक असली तर पाणी अडते. तसेच तार लांब आणि बारीक असली की वीज अडते. त्या अडवण्याला रोध म्हणतात. रोध मोजायचे माप म्हणजे ओहम, ती नालासारखी खूण.

पण ओहम यांच्या वेळी ही मापे नव्हती. व्होल्टमीटर नव्हता, अण्णांच्या पिशवीतला मीटरही नव्हता. त्यांनी एक चुंबकसूची टांगली, तारेतून वीज सोडली आणि सूचीला किती जोर लागतो त्यावरून करंट मोजला.

१८२५ साली त्यांनी आपला पहिला निष्कर्ष छापला. आणि मित्रांनो, तो चुकला.

का चुकला ते ऐका. त्या काळची विजेची बॅटरी जोडली की आधी जोरात चाले आणि लगेच कमी होई. म्हणजे तार बदलेपर्यंत बॅटरीचाच दाब बदललेला असे. हे म्हणजे धान्य मोजताना दर वेळी मापच लहान-मोठे व्हावे तसे झाले. मग उत्तर बरोबर कसे येणार?

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. छापून झाले, आता कोणाला कळतंय? पण ओहम यांनी प्रयोग पहिल्यापासून करायचे ठरवले. पोगेनडॉर्फ हे शास्त्रज्ञांच्या एका मासिकाचे संपादक होते. त्यांनी ओहम यांना एक युक्ती सुचवली. तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचे तुकडे जोडायचे. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि दुसरा सांधा बर्फात. असे केले की त्यातून थोडीशी वीज निघते. ही गोष्ट झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधली होती. उकळते पाणी तेवढेच गरम राहते आणि वितळता बर्फ तेवढाच थंड राहतो. म्हणून विजेचा दाबही तेवढाच राहतो.

मग १८२६ च्या जानेवारीत ओहम यांनी तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सगळ्या सारख्याच जाडीच्या. सर्वांत आखूड तार २ इंचांची आणि सर्वांत लांब १३० इंचांची. हे इंच त्या काळचे. एकेक तार जोडायची, सूची बघायची, आकडा लिहायचा. पुन्हा दुसरी तार. पुन्हा पहिली. असे त्यांनी वेगवेगळ्या दिवशी अनेक वेळा केले.

आता आकडे नीट जुळले. तार लांब झाली की रोध वाढतो आणि करंट त्याच हिशेबाने कमी होतो. पण नुसती बाहेरची तार मोजून चालत नाही. उपकरणाच्या आत जो रोध असतो तोही धरावा लागतो. हेही त्यांनी ओळखले. १८२७ साली त्यांनी बर्लिनला एक पुस्तक छापून हा नियम सविस्तर मांडला. त्यालाच ओहमचा नियम म्हणतात.

नियम असा आहे. व्होल्टेजला रोधाने भागले की करंट येतो. व्होल्टेजला करंटने भागले की रोध येतो. करंट आणि रोध यांचा गुणाकार केला की व्होल्टेज येते. म्हणजे तिघांतले दोन ठाऊक असले की तिसरा लपून राहत नाही.

एक उदाहरण देते. समजा, ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक दिवा लावला आणि त्यातून ४ अँपिअर करंट गेला.

रोध = १२ ÷ ४ = ३ ओहम

आणि दिवा किती शक्ती खातो, ते वॅटमध्ये मोजतात. त्यासाठी भागाकार नाही, गुणाकार करायचा.

शक्ती = १२ × ४ = ४८ वॅट

बघा, आकडे तेच दोन. भागले तर रोध, गुणले तर शक्ती. हे चौथीच्या गणितात बसते. पण गुरुजींनी एक सांगितले आहे. तार तापली की तिचा रोध बदलतो. म्हणून दिवा पेटलेला असताना येतो तो रोध थंड दिव्याचा नसतो.

शक्तीचा हा हिशेब मात्र ओहम यांचा नाही. करंटमुळे तारेत किती उष्णता होते ते इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी मोजले आणि १८४१ साली छापले. वॅट हे नाव जेम्स वॅट यांच्यावरून पडले. खरे ते सांगावे म्हणून लिहिले.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला लाज वाटत होती, पण चरित्र लिहून झाल्यावर कमी झाली.

आमच्याकडे पाणी तापवायची रॉड आहे. एकदा संध्याकाळी व्होल्टेज फार उतरलं. दिवे मंद झाले. अण्णांनी मीटर लावला तर ११५ व्होल्ट आले. एरवी २३० असतात. अण्णांनी मला विचारलं, रोज बादली अर्ध्या तासात तापते, तर आज किती वेळ लागेल? मी लगेच सांगितलं, एक तास. कारण व्होल्टेज निम्मं, म्हणजे उष्णता निम्मी, म्हणजे वेळ दुप्पट. मी ते वहीत मोठ्या अक्षरात लिहिलंसुद्धा. अण्णा म्हणाले, पुन्हा करून बघ. मी म्हणाले, मला गणितात पैकीच्या पैकी पडतात, पुन्हा कशाला करू?

एक तास झाला. पाणी नुसतं कोमट होतं. भाऊ हसायला लागला.

मग अण्णांनी कागद घेतला. रॉडचा रोध त्यांनी प्लग काढलेला असताना मीटरने मोजला होता. तो ४६ ओहम होता. त्यांनी माझ्याकडून असं गणित करून घेतलं.

रोज : २३० ÷ ४६ = ५ अँपिअर. २३० × ५ = ११५० वॅट.

आज : ११५ ÷ ४६ = अडीच अँपिअर. ११५ × अडीच = २८७॥ वॅट, म्हणजे दोनशे साडेसत्त्याऐंशी.

आणि ११५० ला ४ ने भागले तर बरोबर दोनशे साडेसत्त्याऐंशी येतात. म्हणजे उष्णता निम्मी नाही, पाव! कारण दाब निम्मा झाला की करंटही निम्मा होतो आणि निम्म्याचा निम्मा म्हणजे पाव. पाणी तापायला एक तास नाही, दोन तास लागणार होते. वरून बादलीतली उष्णता हवेत जाते ती वेगळीच.

मला इतका राग आला की मी वहीतलं ते पान फाडलं, चुरगाळलं आणि फेकून दिलं. जेवलेही नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला ओहम यांचा १८२५ सालचा चुकलेला प्रयोग सांगितला. माझी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, तरी मला वाटलं की ते मलाच सांगताहेत. ओहम यांचं उत्तर तर छापलेलं होतं. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ते वाचलेलं होतं. तरी त्यांनी ते पुन्हा केलं. माझं तर नुसतं वहीत होतं आणि फक्त भाऊ हसला होता.

आता पुढचे चरित्र. नियम सापडला, तर लोकांनी ओहम यांना डोक्यावर घेतले असेल, असे वाटते ना? नाही घेतले. पुस्तक लिहिण्यासाठी ते शाळेतून वर्षभराची रजा घेऊन निम्म्या पगारावर बर्लिनला भावाकडे राहिले होते. पुस्तक निघाले की विद्यापीठात जागा मिळेल, ही त्यांची आशा होती. पण त्या वेळी तिकडच्या पुष्कळ विद्वानांना विज्ञानात इतके गणित घातलेले आवडत नसे. काहींनी पुस्तकाची निंदा केली. पुष्कळांनी ते वाचलेच नाही. ओहम यांना फार दुःख झाले. १८२८ साली त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. मग बर्लिनमध्ये आठवड्याला थोडे तास शिकवायचे आणि कसेबसे दिवस काढायचे, असे चालले. आकडे बरोबर होते, तरी माणसाला नोकरी नव्हती. हे वाचून मला फार वाईट वाटले. गणित चुकले तर शिक्षा समजते, पण गणित बरोबर आले तरी शिक्षा?

१८३३ साली त्यांना न्यूर्नबेर्ग गावच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. तिथे ते पुन्हा मुलांना शिकवू लागले. पुढे ते तिथले मुख्यही झाले. हळूहळू दुसऱ्या देशांतले लोक त्यांचा नियम तपासू लागले. ज्याने ज्याने तारा जोडून बघितल्या त्याला तोच आकडा आला. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. ते विज्ञानातले फार मोठे पदक आहे. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. पुस्तक छापून चौदा वर्षे झाली होती. त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या देशातही त्यांचा मान वाढला.

१८४९ साली ते म्युनिक शहरी गेले. विद्यापीठातले प्राध्यापक व्हायचे त्यांच्या तरुणपणापासून मनात होते. म्युनिक विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले १८५२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते.

१८८१ साली पॅरिस येथे निरनिराळ्या देशांचे वीजतज्ज्ञ जमले आणि सर्वांनी मिळून मापांची नावे ठरवली. दाबाच्या मापाला इटलीच्या व्होल्टा यांचे नाव, करंटच्या मापाला फ्रान्सच्या अँपिअर यांचे नाव आणि रोधाच्या मापाला जर्मनीच्या ओहम यांचे नाव. तीन देशांची तीन माणसे एकाच गणितात बसली. ओहम यांना हे बघायला मिळाले नाही.

अजून एक गंमत. इंग्लंडमधल्या हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या शास्त्रज्ञाला हाच नियम ओहम यांच्याही पुष्कळ आधी सापडला होता. पण त्याने तो कोणाला सांगितला नाही, वहीतच ठेवला. त्याच्या वह्या १८७९ साली छापल्या तेव्हा हे लोकांना कळले. म्हणून आपल्याला जे कळले ते भित्तिपत्रकात लावावे, असे गुरुजी म्हणतात.

पालकांसाठी दोन गोष्टी लिहिते. त्या अण्णांनी सांगितल्या आहेत आणि ओहमच्या नियमाने बरोबर येतात.

पहिली गोष्ट, विहिरीवर लांब आणि बारीक वायर टाकू नये. समजा, वायरचा रोध २ ओहम आहे आणि मोटार १० अँपिअर घेते. तर २ × १० = २० व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. २३० मधले २१० च मोटारीला मिळतात. आणि २० × १० = २०० वॅट नुसती वायर तापवण्यात जातात. त्याचेही बिल आपल्यालाच येते. वायर जाड घेतली तर रोध कमी होतो.

दुसरी गोष्ट, ओल्या हाताने स्टार्टरला किंवा बटणाला हात लावू नये. अण्णा आम्हाला यावरून फार ओरडतात. मला वाटायचं, उगाच ओरडतात. पण आता समजलं. आपल्या अंगालाही रोध असतो. हात ओला झाला की तो खूप कमी होतो. व्होल्टेज तेवढेच आणि रोध दहावा हिस्सा झाला, तर करंट दहापट होईल. म्हणून पावसात भिजून आलेल्या माणसाला विजेचा धक्का जास्त बसतो आणि जीवही जातो. कोरडा हात असला तरी उघड्या तारेला लावू नये. मुलांनी प्रयोग करायचा तर टॉर्चच्या सेलवर करावा, घरातल्या विजेवर करू नये. अण्णा स्वतः काम सुरू करायच्या आधी मेन बंद करतात, हात पंच्याने दोनदा पुसतात आणि मगच पिशवी उघडतात. हे मी रोज बघत होते, पण त्यात गणित आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता शेवटचं. या लेखाच्या उजव्या बाजूला एक चुरगाळलेला कागद टाचणीने लावला आहे. तो माझ्या वहीतला फाडलेला कागद आहे. आईने तो चूल पेटवायला काटक्यांजवळ ठेवला होता, तिथून मी परत आणला. त्यावर मोठ्या अक्षरात एक तास असं लिहिलेलं आहे. त्याच्याखाली मी बरोबर गणित लिहिलं आहे. चूक खोडलेली नाही. कोणाला हसायचं असेल तर हसावं, पण खालचं गणितही वाचावं.

आज पालकसभा आहे. अण्णा सभेला आले की नेहमी दाराजवळ बसतात. कमी शिकलेल्याने पुढे कशाला बसायचं, असं ते म्हणतात. ओहम यांचे वडील शाळेत शिकले नव्हते. तरी त्यांनी मुलांना गणित शिकवलं आणि आज त्यांच्या मुलाचं नाव सगळ्या जगातल्या मीटरवर आहे. अण्णा, तुम्ही हे वाचत असाल तर आज पुढच्या बाकावर बसा.

अशा या थोर शास्त्रज्ञाला आणि त्यांना गणित शिकवणाऱ्या त्यांच्या वडिलांना माझे शतशः प्रणाम.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी